शेजारी आला का?

१

मी गाडी चालवतो. सकाळी गावातून माणसं भरायची, शहरात न्यायची, दिवसभर शहर दाखवायचं आणि संध्याकाळी परत आणायची. दाखवायचं काम गाईडबाईंचं, नेण्याआणण्याचं माझं. शाळेत मी फार गेलो नाही. पण माझ्या गाडीतलं माणूस कधी मागे राहिलं नाही. हे मी मिरवतो. मिरवण्यासारखं दुसरं माझ्याकडे काही नाही, आणि लागतही नाही.

दुसऱ्या कंपन्यांचे गाईड डोकी मोजतात. आमच्या बाई मोजत नाहीत. मोजायला लागलं की कोणीतरी हमखास वाकून सीटखाली चप्पल शोधत असतं, आणि गणित चुकतं. बाईंची पद्धत वेगळी आहे. सकाळी निघतानाच त्या सांगतात, "तुमच्या बाजूला बसलाय तो आज दिवसभर तुमचा शेजारी. नवरा असो, बायको असो, नाहीतर आयुष्यात पहिल्यांदा बघत असाल. नीट बघून घ्या. संध्याकाळी मी तुम्हाला तुमच्याबद्दल नाही विचारणार, त्याच्याबद्दल विचारणार."

एकट्या आलेल्या माणसाला बाई दुसऱ्या एकट्याशेजारी बसवतात. कोणी तसाही उरला तर स्वतः त्याच्याजवळ बसतात.

संध्याकाळी सगळे चढले की बाई पुढे उभ्या राहून मोठ्यांदा विचारतात, "शेजारी आला का?"

सगळी गाडी ओरडते, "आला!"

मग मी गिअर टाकतो.

या पद्धतीत मला कधी खोट दिसली नाही. ज्याने म्हणायचं त्याने 'आला' म्हटलं, की आला. ड्रायव्हरबद्दल मात्र कोणी विचारत नाही. ड्रायव्हरला शेजारी नसतो.

२

ड्रायव्हर माणसं आरशात बघतो. माझ्या डोक्यावर लांबट आरसा आहे, त्यात सगळी गाडी दिसते. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. कोण कसं बसतं ते राहतं.

वळणावर सगळी माणसं झुकतात. गाडी उजवीकडे वळली की सगळी डावीकडे जातात. झोपलेला झुकतो, जागा असलेला झुकतो. भांडण करून तोंडं फिरवून बसलेले नवरा-बायकोसुद्धा एकाच बाजूला झुकतात. यात कोणाची मर्जी चालत नाही.

आमच्या गावाच्या अलीकडे एक तलाव आहे. रस्ता त्याला लांब वळसा घालून येतो. त्या वळणावर मी कधी गाडी फार हळू करत नाही. गाडी माझ्या हातात असते. परतताना ते वळण आलं की लोक पिशव्या आवरायला लागतात, कारण गाव आलेलं असतं.

यंदाच्या सुरुवातीच्या एका ट्रिपला बाजारातला शिंपी आणि त्याची बायको आली होती. शिंप्याला गाडी लागते. सकाळी गाव सोडलं नाही तोच त्याने पिशवी तोंडाशी धरली. कानापर्यंत ओढलेली तपकिरी लोकरीची टोपी, घामाने भिजलेलं कपाळ. बायको पाठ चोळत होती.

"काका, थांबवा हो जरा! यांना उतरू द्या!"

वाटेत दोनतीनदा थांबलो. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, यांना टपावर बसवा, हवा तरी लागेल!" लोक हसले. शिंपीही पिशवीतून तोंड वर काढून हसला. बरा माणूस.

परतताना तो ताठ बसला होता. पिशवी घडी घालून बायकोच्या मांडीवर. ती सगळ्यांना सांगत सुटली होती, "एकदाही नाही! पिशवी कोरी आहे बघा. शहराची हवा मानवली यांना!"

तलावाचं वळण आलं. मी सवयीने आरशात बघितलं. सगळी गाडी झुकली. शिंप्याची बायको नवऱ्याच्या खांद्यावर पडली. शिंपी झुकला नाही. खांबाला टेकावं तशी ती त्याला टेकली आणि वळण संपल्यावर बाजूला झाली.

मला वाटलं, त्याने पुढच्या सीटचा दांडा धरला असेल. बघितलं. हात मांडीवर उताणे पडले होते.

मला वाटलं, आरसा हलला असेल. आरसा हलला तर सगळेच हलतात.

३

दुसऱ्या दिवशी गाडी धुताना गाईडबाई आल्या. मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या.

"काका, लोक अंगावर पडतात म्हणून तक्रारी येतात माझ्याकडे. माणूस पडला नाही म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच."

"तक्रार नाही. सांगतोय."

"त्याची बायको 'आला' म्हणाली ना?"

"म्हणाली."

"मग आला."

पद्धत मला पटलेली होती.

त्या आठवड्यात माझ्या कोटाचं अस्तर उसवलं म्हणून मी शिंप्याच्या दुकानात गेलो. लहानशी खोली. दोन मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला अर्धवट शिवलेले कपडे टांगलेले. शिंपी आतल्या मशीनवर, माझ्याकडे पाठ करून बसला होता. टोपी डोक्यावर. मशीन एका लयीत चाललं होतं. बायकोने कोट घेतला, अस्तर बघितलं, पण लक्ष तिकडे नव्हतं.

"काका, शहरात परत कधी जाणार?"

"रविवारी."

ती हळू आवाजात म्हणाली, "यांची टोपी राहिली हो तिकडे. तपकिरी. शेवटी दाखवतात त्या मनोऱ्याजवळ राहिली असेल. दिसली तर बघाल का?"

मी शिंप्याच्या डोक्याकडे बघितलं.

"दुसरी घेतली वाटतं," मी म्हणालो.

"नाही. एकच होती."

मशीन चालूच होतं. मी जरा बाजूला सरकून बघितलं. सुईखाली कापड नव्हतं.

"कोट मीच शिवून देते," ती म्हणाली. "यांना नका काही बोलू."

मी बाहेर पडलो. नवरा-बायकोच्या भानगडीत मी पडत नाही. एखाद्याचं डोकं फिरतं, एखादीचं फिरतं. गावात असं होतं. दोघांतल्या कोणाचं फिरलंय, एवढंच मला ठरवता येईना.

त्यानंतर वळणावर न झुकणारी आणखी दोनचार माणसं मी बघितली. दरवेळी परतताना. दरवेळी शेजाऱ्याने 'आला' म्हटलेलं होतं.

४

घरी मी आणि ही, दोघंच. मुली आपापल्या घरी सुखी आहेत. हिचं तोंड तिखट. लग्न झालं तेव्हापासून तिखट. मला त्याची सवय आहे. मी घरात फार बोलत नाही, तेव्हा कोणीतरी बोलायला हवंच.

मालकांनी सांगितलं होतं की हा माझा शेवटचा हंगाम. एका सकाळी माझ्यापुढे चहाचा कप ठेवून ही म्हणाली, "या रविवारी मी येणार."

"कुठे?"

"चंद्रावर. कुठे म्हणजे काय? तुमच्या गाडीतून, शहरात."

"काय आहे तिथे? नुसती गर्दी."

"मग गर्दी बघते. इथे बसून तुमचं तोंड बघण्यापेक्षा बरी. जगाला शहर दाखवून आलात, बायकोला दाखवायला वेळ झाला नाही. उद्या तुमची गाडी सुटली की मला कोण नेणार?"

शिंपी डोळ्यासमोर आला. सांगणार काय? एक माणूस झुकला नाही म्हणून तू येऊ नकोस? हिने ते मुलींना फोन करून सांगितलं असतं, आणि वर्षभर पुरवून पुरवून हसल्या असत्या.

"धाकटीला बरोबर घे," मी म्हणालो. धाकटी म्हणजे हिची बहीण, चार घरं पलीकडे राहते. "तीच तुझी शेजारी. दुसऱ्या कोणाजवळ बसायचं नाही. आणि त्या दिवशी मी पण तुमच्याबरोबर फिरणार. माझ्या नजरेआड जायचं नाही."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नजरेआड? इतकी वर्षं नजरेसमोर होते, तेव्हा कधी बघितलंत?"

आणि कप उचलून आत गेली. चहा मी अजून प्यायलो नव्हतो.

५

रविवारी दोघी दाराच्या बाजूला पहिल्या सीटवर बसल्या. तिथून मला आरशात त्या सगळ्यांत स्पष्ट दिसतात. हिने निळा स्वेटर घातला होता आणि नवी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. धाकटी खिडकीशी, तोंड चालू.

"भाऊजी, तुमची गाडी आमच्या घरापेक्षा स्वच्छ आहे की!"

"घर तू पुसतेस," ही म्हणाली, "गाडी हे पुसतात."

सगळ्या वळणांवर ही झुकली. मी प्रत्येक वेळी बघितलं. धाकटीच्या अंगावर रेलायची आणि "सरक ना, केवढी जाड झालीस" म्हणायची. एका वळणावर आरशात आमची नजरानजर झाली.

"पुढे बघा," ही म्हणाली. "मी काही पळून जात नाही."

शहरात मी गाडी पार्किंगला लावली, कुलूप घातलं आणि त्यांच्यामागे निघालो. ड्रायव्हर लोकांच्या खोलीत माझे सोबती पत्ते मांडून बसले होते. एकाने हाक मारली, "काय काका, आज गाडी सोडून बायकोमागे?"

दिवस चांगला गेला. नदीवरचा पूल बघितला, मोठा बाजार बघितला, संग्रहालय बघितलं. संग्रहालयात काचेच्या पेटीतल्या जुन्या बुटांसमोर ही बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचे घरातले काढून ठेवले तर यापेक्षा जुने निघतील." मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन, कारण धाकटीने वळून बघितलं.

मनोरा सगळ्यांत शेवटी असतो.

६

मनोऱ्याला दोन लिफ्ट आहेत. शेजारी शेजारी, चारी बाजूंनी काचेच्या. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते आणि मध्यावर दोन्ही एकमेकींना ओलांडतात. वर गेलेली माणसं लिफ्टने खाली येत नाहीत. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला जिना आहे. लिफ्ट खाली येते ती रिकामी.

रांगेत आमच्यापुढे गर्दी होती. लिफ्टवाल्याने हात आडवा करत माणसं आत घेतली. धाकटी आत, ही आत. माझ्या छातीवर हात आला.

"पुढच्या लिफ्टने या."

"ती माझी बायको आहे."

"कोणी पळवत नाही तुमच्या बायकोला. पुढची लिफ्ट."

आतून ही हसली आणि मला वेडावून दाखवलं. धाकटीने हिचा हात धरला होता आणि डोळे घट्ट मिटले होते. उंचीची भीती. लिफ्ट वर गेली. काचेतून हिचा निळा स्वेटर दिसला, मग चपला दिसल्या, मग काही नाही.

दुसरी लिफ्ट आली. मी सर्वांत पुढे उभा राहिलो, काचेला लागून. लिफ्ट वर निघाली. वरून पहिली लिफ्ट खाली येत होती. मध्यावर ती माझ्यासमोरून गेली.

आत ही होती.

एकटी. काचेला तळहात लावून उभी. तोंड उघडं होतं, काहीतरी बोलत होती, पण दोन काचांमधून आवाज येत नाही. माझ्याकडेच बघत होती. मी हात वर केला. तेवढ्यात लिफ्ट खाली गेली.

"खाली जाताना लिफ्टमध्ये माणसं घेता?" मी आमच्या लिफ्टवाल्याला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "रिकामी जाते."

वर दार उघडलं. समोर कठड्याशी निळा स्वेटर पाठमोरा उभा होता. बाजूला धाकटी, अजून डोळे किलकिले करून.

"आलात?" ही वळून म्हणाली.

मी श्वास घ्यायला थांबलो. काच आहे. काचेत वरचं खाली, पुढचं मागे दिसतं. मी दिवसभर आरशात बघणारा माणूस, मला हे ठाऊक आहे. तरी म्हणालो, "हात दाखव."

"का?"

"दाखव."

हिने उजवा हात पुढे केला. हिची करंगळी लहानपणी दारात सापडली होती, तेव्हापासून वाकडी आहे. बघितली. वाकडी होती.

"आता?" ही म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो.

जिन्याने खाली आल्यावर मी पहिल्या लिफ्टपाशी गेलो. दार उघडं होतं, नवी माणसं आत जात होती. काचेवर आतून तळहाताचा ठसा होता. दिवसभरात एवढी माणसं चढतात, ठसे असणारच. बाई पार्किंगकडून शिट्टी वाजवत होत्या.

७

"शेजारी आला का?"

"आला!" गाडी ओरडली. धाकटी म्हणाली, "आली!" आणि हिच्या मांडीवर थाप मारली.

मी गिअर टाकला.

शहराचे रस्ते सरळ आहेत. पुढे मोठा रस्ता, तोही सरळ. उन्हं कलली होती. धाकटी बोलत होती, "ताई, मी तर लिफ्टमध्ये डोळेच मिटून घेतले होते बाई. तुझा हात धरला होता म्हणून बरं. केवढा गार पडला होता तुझा हात. तू पण घाबरलीस ना? सांग की."

ही म्हणाली, "हो."

मी वाट बघितली. 'हो'च्या पुढे हिचं काहीतरी येतं. आलं नाही.

मी मनाशी हिशेब मांडला. ही इथे असेल तर काही प्रश्नच नाही. नसेल, तर चाक फिरेल तितकी मी हिला लांब टाकत चाललो आहे. मागे फिरायचं तर आधी खात्री हवी. खात्री एकाच ठिकाणी होणार होती.

तलाव दिसायला लागला. पाणी तांबूस झालं होतं. मी गाडी हळू केली नाही. नेहमीच्या वेगाने वळणात घातली आणि आरशात बघितलं.

सगळी गाडी डावीकडे झुकली. धाकटी झुकली. गाईडबाईंनी दांडा धरला. ही सरळ होती.

मग हिने मान वळवून धाकटीकडे बघितलं. मागच्या लोकांकडे बघितलं. आणि झुकली. धाकटी जेवढी झुकली होती, बरोबर तेवढी.

वळण संपलं. सगळे सरळ झाले. ही अजून झुकलेलीच होती. मग तिने पुन्हा बाजूला बघितलं, आणि सरळ झाली.

मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं काका?" गाईडबाईंनी विचारलं.

"टायर बघतो."

खाली उतरलो, गाडीला फेरी मारली. टायरला काय होणार? दाराशी येऊन उभा राहिलो. वरून काचेतून ही माझ्याकडे बघत होती. हसली. प्रवासी उतरताना ड्रायव्हरकडे बघून हसतात, तसं.

"अहो, चला ना," ही म्हणाली. "घर आलं."

गाडीभर माणसं खोळंबली होती. कोणाचं पोरगं रडत होतं. मी काय सांगणार होतो? माझी बायको उशिरा झुकली, गाडी मागे घ्या?

मी चढलो आणि गाडी गावात आणली.

८

ही घरी सगळं करते. स्वयंपाक चांगला करते. कपडे वाळत घालते, घड्या घालते. मी काही म्हणालो तर "बरं" म्हणते. टोमणा मारत नाही. चहा मी प्यायलो नसेन तर कप तसाच ठेवते, तो गार होईपर्यंत, आणि त्याच्याकडे बघत बसते.

धाकटी म्हणते, "भाऊजी, ताई किती शांत झाली. शहराची हवा मानवली तिला."

एकदा ती एकटी सापडली तेव्हा मी विचारलं, "तुझ्या ताईची कुठली करंगळी वाकडी?"

"असं काय विचारता? बायको कोणाची, तुमची की माझी?"

"सांग."

"उजवी," ती म्हणाली. मग थांबली. "थांबा हं. आरशासमोर ती माझी वेणी घालायची, तेव्हा त्या बाजूला... म्हणजे डावी. नाही, उजवीच असेल. भाऊजी, जाऊन बघा ना. घरातच आहे की ती."

उजवी आहे. मी बघितली आहे. आधी कुठली होती हे मला सांगता येत नाही. इतकी वर्षं त्या हाताने मला वाढलं, आणि मला सांगता येत नाही.

मुली फोन करतात. ही फोन घेऊन ऐकत राहते आणि शेवटी "बरं" म्हणते. मोठी मला म्हणाली, "आई काही बोलतच नाही हो बाबा. रागावली आहे का?" मी म्हणालो, "थकली आहे." खोटं बोलायची मला सवय नाही. पण दुसरं काही म्हणता येईना.

झुकायला ती आता शिकली आहे. गावात भाचीकडे गेलो होतो, तिच्या मोटारीने. मी पुढे बसलो होतो. छोट्या आरशात बघितलं. छान झुकत होती. एका वळणावर तर गाडी वळायच्या आधीच झुकली.

९

त्यानंतरच्या प्रत्येक ट्रिपला मी गाडी लावून मनोऱ्यावर जातो. रांगेत उभा राहतो. दुसऱ्या लिफ्टमध्ये, काचेला लागून. लिफ्टवाला आता ओळखतो. "काका, अजून बघून झालं नाही का शहर?" म्हणतो. मध्यावर रिकामी लिफ्ट खाली जाते. मी बघतो. वर जातो, जिन्याने उतरतो.

रिकामीच असते. एकदा नव्हती.

तपकिरी टोपी घातलेला एक माणूस आत पाठमोरा उभा होता. कपाळ मागच्या काचेला टेकलेलं. मध्यावर लिफ्टला बारीक हिसका बसतो. त्या हिसक्यासरशी तो बाजूला झुकला आणि हात तोंडाशी नेला. पोटात ढवळल्यावर नेतात तसा. मग खाली गेला.

गावात परत आलो तेव्हा शिंप्याची बायको दुकानाच्या पायरीवर बसून माझ्या कोटाचं बटण लावत होती. आत मशीनचा आवाज एका लयीत येत होता. तिने वर बघितलं.

"टोपी दिसली का काका?"

"दिसली."

सुई तिच्या बोटांत तशीच राहिली.

"बरी आहे?"

"बरी आहे," मी म्हणालो.

तिने मान हलवली. धागा दाताने तोडला आणि कोट माझ्या हातात दिला. मीही पायरीवर जरा वेळ बसलो. आतला आवाज थांबला तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "जाते. मी दिसले नाही की उठून येतात."

१०

परवा मालक घरी आले होते. खुर्चीवर बसून इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "काका, आता गाडी नव्या माणसाकडे. पण तुम्हाला असंच कसं सोडू? निरोपाची एक ट्रिप आमच्याकडून. तुम्ही दोघं, प्रवासी म्हणून. आयुष्यभर लोकांना नेलंत, एकदा मागे बसा आरामात."

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला.

"बरं."

ती तिथे उभी होती. कोणी विचारण्याआधी ती बोलली, असं त्या रविवारनंतर पहिल्यांदा झालं. मालक खूश झाले. "बघा! वहिनी तयार आहेत."

मी तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडे बघत होती. शिकायच्या दिवसांत नवा ड्रायव्हर माझ्या हातातल्या स्टीअरिंगकडे बघतो, तसं. मी काय करणार ते तिला कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. तिची हरकत नव्हती.

"येतो," मी म्हणालो.

रविवारी मी प्रवाशाच्या सीटवर बसणार. बाजूला ती. दिवसभरासाठी ती माझी शेजारी. पूल बघू, बाजार बघू, संग्रहालयात त्या बुटांपाशी थांबू. मनोऱ्यावर या वेळी मी पहिल्या लिफ्टमध्ये चढणार. वर दार उघडलं की माणसं उतरतील, तीही उतरेल. मी काचेपाशी उभा राहणार. दार बंद होईल आणि लिफ्ट खाली निघेल. त्या लिफ्टमधून बाहेर काय दिसतं, आणि ती खाली जाते म्हणजे कुठे जाते, हे मला माहीत नाही. ही बरेच दिवस तिथे एकटी आहे, एवढं माहीत आहे. चिडलेली असणार. भेटल्याबरोबर काय म्हणेल तेही माहीत आहे. एवढा वेळ कुठे होतात, म्हणेल.

संध्याकाळी गाईडबाई विचारतील. माझ्याबद्दल ती सांगेल. 'आला' म्हणेल, आणि तिच्या बाजूला कोणीतरी बसलेलं असेलच. गाडी सुटेल. बाईंच्या पद्धतीत खोट निघणार नाही.

कोट घालून जाणार आहे. बटण पक्कं बसलं आहे. हिचा जाड स्वेटरही पिशवीत घेतला आहे, तिथे गारवा असावा असं धाकटीच्या बोलण्यावरून वाटलं.

नव्या ड्रायव्हरला काल गाडी दाखवली. क्लच कुठे धरतो, दार कुठे अडकतं, सगळं सांगितलं. पोरगा हुशार आहे, पटकन शिकेल. शेवटी तलावाच्या वळणावर नेलं आणि म्हणालो, "परतताना इथे गाडी अगदी हळू घ्यायची."

"का काका? रस्ता तर चांगला आहे."

"हळू घ्यायची," मी म्हणालो. "आणि आरशात बघायचं नाही."